सेल नसलेला रेडिओ

मुलांनो, रेडिओला सेल लागतात किंवा विजेचा प्लग लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. सेल संपले की रेडिओ मुका होतो. पण ज्याला सेल लागत नाही आणि प्लगही लागत नाही, असाही एक रेडिओ असतो. त्याच्यात मोजून पाच वस्तू असतात. मी आठवीत जाणार होतो, त्या सुट्टीत मी तो केला. तो मिरजेत बोलला आणि साताऱ्यात आणल्यावर गप्प झाला. असे का झाले, हे कळायला मला पावसाळा संपेपर्यंत वाट पाहावी लागली.

माझे घर साताऱ्याला आणि आजोळ मिरजेला. ही गोष्ट १९८३ च्या उन्हाळ्याची. माझे मामू सतारी करण्याच्या कामात होते. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा देशभर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सतारमेकर घराण्यांनी ही कला सुरू केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मामूंच्या ओट्यावर मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे भोपळे वाळत पडलेले असत. दिवसभर कुठे लाकूड तासण्याचा आवाज, कुठे तार जुळवण्याचा आवाज. मला त्या कामातले काही येत नव्हते. मी नुसता मध्येमध्ये लुडबुड करायचो.

एके दिवशी कंटाळून मामूंनी मला त्यांच्या एका मित्राकडे पाठवले. ते रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून काही वस्तू काढून माझ्या पुढे ठेवल्या आणि म्हणाले, "यातून रेडिओ होतो. करशील का?"

मला वाटले, ते चेष्टा करत आहेत.

त्या वस्तू अशा होत्या. पुठ्ठ्याची सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची नळी आणि तिच्यावर गुंडाळायला वार्निश चढवलेली तांब्याची तार. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर. म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांची चळत, जिची दांडी फिरवून आपण स्टेशन लावतो. काचेच्या नळीतला, तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड. कानाला लावायचा जुना हेडफोन. आणि एरियलसाठी लांब तार. यांतली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे एरियल आणि सर्वांत लहान म्हणजे डायोड. पुढे सगळा घोटाळा झाला तो या सर्वांत लहान वस्तूमुळे.

मी नळीवर सत्तर वेढे घेतले. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. दोनदा तार हातातून सुटली आणि दोन्ही वेळा सगळे वेढे उलगडले. विसाव्या वेढ्यापाशी तारेचा लहानसा फाटा बाहेर काढला, तो एरियलसाठी. तारेवरचे वार्निश खरवडून काढल्याशिवाय जोड बसत नाही, हेही मला तिथेच समजले. आधी मी तशीच तार जोडली होती. तार तांब्यासारखी दिसते खरी, पण वार्निशमधून वीज जात नाही. वेटोळ्याची दोन टोके गँगच्या दोन टोकांना जोडली. वरच्या टोकापासून डायोड, डायोडपासून हेडफोन, हेडफोनची दुसरी तार परत वेटोळ्याच्या खालच्या टोकाला. त्याच टोकापासून एक तार अंगणातल्या पाण्याच्या लोखंडी नळाला बांधली. तिला अर्थिंग म्हणतात. झाला परिपथ!

परिपथ म्हणजे विजेच्या येण्याजाण्याची पुरी वाट. ती कुठेही तुटली की काम थांबते.

पण हवेत तर अनेक केंद्रांच्या लहरी असतात. त्यांतली एकच कशी निवडायची? हे मला मामूंनी समजावले, तेही सतार पुढे घेऊन. सतारीला वरच्या तारांच्या खाली बारीक तारांची आणखी एक रांग असते. त्यांना तरफा किंवा तरब म्हणतात. उर्दूत तरब म्हणजे आनंद, हे तुम्हांला सांगायला नको. मामूंनी एका तरफेवर कागदाचा इवलासा तुकडा ठेवला आणि वरची तार छेडली. खालच्या तारेला त्यांचा हातही लागला नव्हता, तरी कागद थरथरला आणि उडून पडला. मग त्यांनी खुंटी किंचित पिळली आणि पुन्हा वरची तार छेडली. आता कागद जागचा हलला नाही.

"सूर जुळला तर तार आपोआप बोलते, बेटा," मामू म्हणाले. "नाही जुळला तर कितीही छेड."

वेटोळे आणि गँग यांचे काम अगदी तरफेसारखे असते. दोघांची मिळून एक वारंवारता ठरते. गँगची दांडी फिरवणे म्हणजे खुंटी पिळणे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्या वेळी, म्हणजे माझ्या सुट्टीत, ते मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्‌झला लागत असे. याचा अर्थ ती लहर एका सेकंदात १२,५१,००० वेळा मागेपुढे होत होती. लहरीचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. त्याला १२,५१,००० ने भागा; उत्तर जवळजवळ २४० येते. म्हणजे सांगलीची एकेक लहर २४० मीटर लांब होती! जुन्या रेडिओंच्या तबकडीवर मीटरचे आकडे छापलेले असतात, ते हेच.

आता डायोड कशाला, हा प्रश्न राहतो. लहर इतक्या वेगाने मागेपुढे होते की हेडफोनमधला पडदा तिच्याबरोबर हलूच शकत नाही. जितका पुढे ढकलला जाईल तितकाच मागे ओढला जाईल, म्हणजे शेवटी जागच्या जागीच. डायोड हा एका बाजूनेच उघडणारा दरवाजा आहे. तो लहरीचा एक अर्धा भाग जाऊ देतो, दुसरा अडवतो. मग उरतो तो लहरीच्या उंचीतला चढउतार, आणि तो चढउतार म्हणजेच निवेदकाचा आवाज.

या दरवाजाचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी ओळखण्याचे साधन तयार केले. त्यासाठी त्यांनी १९०१ साली अर्ज केला आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षे जगभर लोक अशा स्फटिकावर बारीक तार टेकवून रेडिओ ऐकत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओच्या खंदकांत सैनिकांना स्फटिक मिळेना. तेव्हा त्यांनी दाढीच्या पात्यावर पेन्सिलीचे शिसे टेकवून काम भागवले. माझा डायोड जर्मेनियम या मूलद्रव्याचा होता. त्याच्यावर ओए७९ असे बारीक अक्षरांत छापलेले होते.

दुपारी चारच्या सुमारास मी गच्चीवर एरियल बांधले, हेडफोन कानाला लावला आणि गँग फिरवू लागलो. बराच वेळ काही नाही. मग एकाएकी, अगदी कानाशी बोलावे तसे, शब्द आले, "राजापुरी हळद." बाजारभाव चालले होते. मी ओरडत खाली गेलो. मामूंनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि सगळे बाजारभाव शेवटपर्यंत ऐकले. त्यांना हळदीशी काही देणेघेणे नव्हते.

साताऱ्याला दादी होत्या. त्यांचे माहेर मिरजेचेच. पाय अधू झाल्यापासून त्या पलंगावरच असत. घरातला रेडिओ वर्षापूर्वी बंद पडला होता आणि अब्बांना दुरुस्तीला सवड आणि पैसे दोन्ही नव्हते. मी मिरजेहून पत्र टाकले, "दादी, तुमच्यासाठी सांगली घेऊन येतो. सेलसुद्धा लागणार नाहीत." वर्गातल्या दोन मित्रांनाही तसेच लिहिले.

परतीच्या गाडीत मी तो रेडिओ मांडीवर धरून बसलो होतो. भिलवडी, किर्लोस्करवाडी, कराड, कोरेगाव अशी स्टेशने गेली. घरी पोचताच खिडकीतून तीनेक मीटर तार बाहेर सोडली, नळाला अर्थिंग दिले आणि हेडफोन दादींच्या कानाला लावला.

"काय ऐकू येते, दादी?"

दादी थोडा वेळ थांबल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "येते रे, बेटा, थोडेथोडे." मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काहीच येत नव्हते. साधी खरखरसुद्धा नाही.

मित्रांनी तर सरळ सांगितले की, मी थापा मारल्या.

त्यानंतर मी जे केले ते करू नये, म्हणून सांगतो. रेडिओत काहीतरी तुटले असणार, असे मी धरून चाललो. कुठे तुटले हे न तपासता सगळेच जोड उसवले आणि शेजाऱ्यांचे सोल्डरिंग आयर्न मागून आणून पुन्हा सगळीकडे डाख लावला. डायोडच्या पायावर तापलेले आयर्न बराच वेळ टेकवून ठेवले, जोड पक्का व्हावा म्हणून. जर्मेनियमला इतकी उष्णता सोसत नाही. अशा वेळी जोड आणि डायोड यांच्या मध्ये पाय चिमट्याने धरायचा असतो, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. मला ते माहीत नव्हते. जे बिघडलेले नव्हते ते मी त्या दिवशी बिघडवले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी रेडिओ पिशवीत घालून विज्ञानाच्या सरांकडे नेला. सरांनी आधी काहीच उघडले नाही. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले.

"मिरजेत बोलत होता का?"

"हो, सर."

"मग तिथे होते आणि इथे नाही, असे काय काय आहे? वहीत लिही."

मी लिहिले : गच्ची, लांब एरियल. सरांनी ते वाचले आणि म्हणाले, "आणखी एक राहिले." पण काय राहिले ते सांगितले नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर काढून एकेक वस्तू तपासली. वेटोळ्यातून वीज जात होती, ठीक. गँगचे पत्रे एकमेकांना टेकत नव्हते, ठीक. डायोडला मीटरच्या तारा लावल्या, काटा हलला. तारा उलट लावल्या, तरी काटा तितकाच हलला. एका बाजूनेच उघडणारा दरवाजा आता दोन्ही बाजूंनी सताड उघडा होता. सरांनी तो डायोड काढून माझ्या हातावर ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

नवा डायोड बसवला. शाळेच्या गच्चीवर वीस मीटर तार ताणली. त्या दिवशी पाऊस उघडला होता. हेडफोनमध्ये मुंगीच्या पावलांएवढा आवाज आला. श्वास रोखून ऐकले तेव्हा कळले की, ते पुणे केंद्र आहे. म्हणजे रेडिओ चालत होता! पण सांगलीचा पत्ता नव्हता.

मग सरांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला आणि हातात पट्टी दिली. मिरजेपासून सांगली आठ किलोमीटर धरली. साताऱ्यापासून सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर भरली. वहीत लिहायचे राहिले होते ते हे. अंतर जवळजवळ चौदा पट झाले. लहर जसजशी लांब जाते तसतशी पसरत जाते. अंतर चौदा पट झाले की शक्ती चौदाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे दोनशे पटींनी कमी होते. वाटेतली जमीन आणि डोंगर लहर शोषून घेतात ते वेगळेच. सांगलीचा प्रक्षेपक २० किलोवॅटचा. सेल नसलेला रेडिओ फुकट चालतो असे मी समजत होतो. खरे म्हणजे त्याला शक्ती त्या प्रक्षेपकाकडूनच मिळत होती. मिरजेत ती पुरत होती, साताऱ्यात पुरत नव्हती.

म्हणजे आता सेल लावल्याशिवाय गत्यंतर नव्हते. सेल आला की त्याच्याबरोबर ट्रान्झिस्टर येतो. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. एका पायावर अगदी लहान प्रवाह दिला, तर दुसऱ्या दोन पायांमधून सेलचा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. कालव्याच्या दाराचे चाक एक माणूस हाताने फिरवतो आणि त्याच्यामागे धरणाचे पाणी सुटते, तसे. पाणी माणसाच्या हातातून येत नाही. ट्रान्झिस्टरही शक्ती निर्माण करत नाही, तो सेलची शक्ती वळवतो.

सरांनी बीसी१४८ हा ट्रान्झिस्टर दिला. त्याच्या पायाला किती प्रवाह द्यायचा, ते रोधकाने ठरते. रोधकावर रंगांचे पट्टे असतात. काळा म्हणजे ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. आमच्या रोधकावर पिवळा, जांभळा, पिवळा असे पट्टे होते. पहिले दोन आकडे ४ आणि ७, तिसरा पट्टा शून्ये किती ते सांगतो, म्हणजे चार. झाले ४,७०,००० ओहम. संध्याकाळच्या उजेडात लाल आणि नारिंगी पट्ट्यांत फसगत होते, म्हणून असले काम दिवसा करावे.

तो ट्रान्झिस्टर आम्ही डायोडच्या पुढे, हेडफोनच्या आधी बसवला. दोन सेल लावले. पुणे केंद्र स्पष्ट ऐकू आले. सांगलीच्या जागी मात्र नुसते "सूंऽऽ". सरांनी गँग पुन्हापुन्हा फिरवली. आठवडाभर आम्ही सगळे जोड तपासले. सगळे बरोबर होते, तरी सांगली नाही.

पुढच्या सोमवारी सर वर्गात आले ते थेट माझ्या बाकापाशी. म्हणाले, "चूक माझी होती. ट्रान्झिस्टर चुकीच्या जागी बसवला."

त्यांनी फळ्यावर डायोड काढला आणि त्याच्यापुढे एक उंबरठा काढला. जर्मेनियमच्या डायोडमधून वीज नीट जायला सुमारे ०.२ व्होल्ट तरी दाब लागतो. सांगलीची लहर साताऱ्याला पोचत होती, पण इतकी थकून की तिला हा उंबरठा ओलांडताच येत नव्हता. डायोडच्या पलीकडे आवाज पोचतच नव्हता, मग तिथे बसलेला ट्रान्झिस्टर काय मोठे करणार? तो स्वतःची खरखर मोठी करत होता. लहर मोठी करायची ती उंबरठ्याच्या अलीकडे. मला आजही वाटते, त्या वर्षी मी विज्ञानात जे काही शिकलो, त्यांत फळ्यावरचा तो उंबरठा सगळ्यांत पक्का बसला. सरांनी चूक माझ्यावर ढकलली असती तरी मला कळले नसते, हेही खरे.

डायोडच्या आधी बीएफ१९४ हा ट्रान्झिस्टर आला. तो जलद लहरींसाठीच बनवलेला असतो. तो परिपथ जुळवायला आम्हांला बराच वेळ लागला, कारण आता जरा तार हलली की शिट्टी वाजे. सप्टेंबर उजाडला. अब्बांनी घराच्या छपरावरून समोरच्या चिंचेपर्यंत तार बांधून दिली. आधी पुणे लागले, दणदणीत. गँग हळूहळू सोडवत नेली. पुणे मावळले, मध्ये काही अंतर रिकामे गेले आणि मग दूरवरून, विहिरीच्या तळातून यावे तसा, सांगलीचा आवाज आला.

हेडफोन दादींना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मी विचारले, "येते का?" त्यांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली.

रात्री मात्र सांगलीवर कुठलेतरी लांबचे केंद्र येऊन बसे. सूर्य मावळल्यावर मध्यम लहरी आकाशातल्या उंच थरांवरून परत फिरतात आणि शेकडो किलोमीटर जातात. म्हणून दादींची वेळ संध्याकाळी सहाच्या आत असे. जळालेला डायोड मी काडेपेटीत जपून ठेवला होता. तो अजून आहे.

तुम्हांला हा रेडिओ करावासा वाटला, तर आधी एक गोष्ट पाहा. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीने देशातले मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद केले आहेत आणि बहुतेक लोक एफएम ऐकतात. एफएमच्या लहरी सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा मागेपुढे होतात आणि त्यांत आवाज वेगळ्या रीतीने भरलेला असतो. आपले सत्तर वेढे तिथे उपयोगी नाहीत. म्हणून आधी कोणाच्या तरी रेडिओवर मध्यम लहरींचा पट्टा लावून तुमच्या गावात काय ऐकू येते ते पाहा. एखादे केंद्र जोरात लागत असेल, तरच सेलशिवायचा रेडिओ बोलेल. ओए७९ आता सहज मिळत नाही, १एन३४ए चालतो. सिलिकॉनचा डायोड स्वस्त मिळतो, पण त्याचा उंबरठा ०.६ व्होल्टच्या आसपास असतो. का चालणार नाही ते तुम्हीच सांगा. मोबाइलचा इअरफोनही चालत नाही, त्याचा रोध फार कमी असतो. जास्त रोधाचा, स्फटिकाचा इअरफोन मागा. अर्थिंगची तार जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळालाच बांधा, घरातल्या विजेच्या प्लगमध्ये कधीही घालू नका. एरियल विजेच्या तारांपासून दूर ठेवा आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की ते रेडिओपासून सोडवून बाहेर टाका. आमच्या चिंचेवरची तार अब्बा अशा वेळी स्वतः सोडवत, आणि दादी आतून विचारत, "आता कधी लावणार?"